उत्तरेकडच्या कुरणाचं फाटक

माझे आजोबा जमिनीवर चालताना लंगडायचे आणि घोड्यावर बसले की लंगडायचे नाहीत, म्हणून ते सारखे घोड्यावरच असायचे. आजी म्हणायची, "ह्या माणसाला परसाकडे जायचं असलं तरी खोगीर लागतं." डेल्मर कुडर्ना त्यांचं नाव. आमच्याकडे, नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत, कुठल्याही पेट्रोल पंपावर हे नाव घ्या, कुणीतरी म्हणणारच, "म्हातारा डेल्मर ना? काय माणूस होता!" आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पोरगा मात्र त्याच्यावर नाही गेला."

तो पोरगा म्हणजे माझा बाबा. कर्टिस. आणि ते दुसरं वाक्य खोटं आहे, साफ खोटं आहे, आणि मला ते आता ऐकवत नाही. गावात तोंड उघडणार नाही असं मी बाबाला वचन दिलंय. म्हणून इथे सांगतेय.

आधी आजोबा. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा गुरांच्या एका रँचवर आले आणि जन्मभर त्याच एका रँचवर राबले. रँच त्यांची नव्हती. घर रँचचं, ट्रक रँचचा, टेकड्याभर पसरलेल्या काळ्या गायी रँचच्या. स्वतःचं म्हणाल तर एक खोगीर, दोन घोडे, आजी आणि चार पोरं. पण बोलताना कायम "माझ्या गायी". माझी एक गाय अडलीय, माझ्या कालवडी आज कुंपणाला टेकल्यात. एकदा बर्फावर घोडा घसरला आणि त्यांच्या पायावर पडला, तर हाडं नीट बसायच्या आधी प्लास्टर स्वतःच कापून काढलं, कारण वासरं व्हायचे दिवस होते आणि "गायी काय माझ्यासाठी थांबणार आहेत का?" तेव्हापासून ते लंगडणं.

पण पोरांत असे रमायचे की विचारू नका. संध्याकाळी घरी आले की दारातच उभं राहून पोरांची डोकी मोजायचे, गुरं मोजतात तशी, हवेत बोट नाचवत. मग कपाळाला आठ्या घालून आजीला म्हणायचे, "आर्डिस, एक जास्त भरतंय. कुणाचं वासरू घुसलंय आपल्यात?" की पोरं एकमेकांकडे बोटं दाखवून ओरडायची, हा घुसलाय, ही घुसलीय! केस कापायचे ते घोड्याच्या मशिनने. सगळ्यांचे एकाच मापाचे. माझ्या आत्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात तेच मशिन घेऊन निघाले होते, आजीने लाटणं उगारलं तेव्हा थांबले.

मोठी तिघं शहरांकडे गेली. बाबा तेवढा राहिला. दोघांनी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी घोडे चालवले. बोलणं जवळजवळ नाहीच. आजोबांनी हनुवटी हलवली की बाबाला कळायचं कुठली गाय बाजूला काढायची. आजोबा बाबाचं तोंडावर कौतुक करायचे नाहीत, पण कॉफी प्यायला शेजारी आले की म्हणायचे, "तो कर्टिस बघून आलाय ना, मग परत बघायला जायची गरज नाही." बाबा तेव्हा गोठ्यात असला तरी आई पळत जाऊन त्याला सांगायची. तो नुसता हं म्हणायचा आणि मग दिवसभर शीळ घालत फिरायचा.

आता फाटकाचं. आमच्याकडे शिव्या चालतात, दारू चालते, रविवारी चर्चला दांडी मारली तरी पाद्रीबाबा दोन टोमणे मारून सोडून देतात. फाटकाच्या बाबतीत मात्र माफी नाही. फाटक जसं सापडलं तसं सोडून पुढे जायचं. लागलेलं होतं तर लावायचं. उघडं होतं तर उघडं ठेवायचं. ते उघडं का ठेवलंय हे तुला कळलंच पाहिजे असं काही नाही, ज्याने ठेवलंय त्याला माहीत आहे. माझ्या मोठ्या काकाने लहानपणी एकदा चूक केली, तर आजोबांनी त्याला भरल्या ताटावरून उठवलं आणि परत पाठवलं, चालत, पार दक्षिणेच्या कुरणापर्यंत. काका आता डेन्व्हरमध्ये अठराव्या मजल्यावर राहतो आणि अजून लिफ्टचं दार उघडं दिसलं तर हात लावत नाही, असं काकू सांगते.

मग आजोबांचं विसरणं सुरू झालं. आधी छोटं छोटं. मला आत्याच्या नावाने हाका मारायच्या. पाणी न घालता कॉफीचं भांडं गॅसवर. एका सकाळी घोड्यावर खोगीर चढवलं, पट्टा आवळला आणि घोड्याकडे बघत उभेच राहिले, कुठे जायचं तेच आठवेना. मॅनेजर डग बाबाला म्हणाला, "म्हाताऱ्याला घरी बसव आता." बाबा म्हणाला, "घरी बसवला तर मरेल तो." मग असं ठरलं की म्हाताऱ्या घोडीवर बसून जवळपास एक फेरी मारायची, कुंपण बघायचं, बस.

त्या जुलैत उत्तरेकडच्या कुरणातली पाणी उपसायची पवनचक्की मोडली. दांडाच तुटला, हौदात थेंब येईना. म्हणून बाबाने शेजारच्या कुरणाचं फाटक उघडून ठेवलं, म्हणजे गायी तिकडे जाऊन पाणी पिऊन येतील. ऊन असं होतं की खोगिराचं चामडं हाताला चटके द्यायचं. मग चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची सुट्टी आली, जोडून रविवार, सगळा मुलूख गावात, घोड्यांच्या शर्यती, फटाके, डगही तिकडेच. पवनचक्क्या बघायला कुणी गेलं नाही. कशाला जाईल? फाटक उघडं होतं.

सुट्टी संपल्यावर सकाळी आम्ही ट्रकने गेलो. बाबा चालवत होता, आजोबा खिडकीशी, मी मधे. टेकडी चढायच्या आधीच वास आला. आजोबा म्हणाले, "काहीतरी मेलंय." आणि वर पोचलो तर कुंपणाच्या तारेला लागून काळाच काळा ढीग. गायी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. ज्या उभ्या होत्या त्यांच्या जिभा बाहेर, आवाज बसलेला, हंबरायला तोंड उघडायच्या तर नुसती हवा यायची. आणि तारेच्या पलीकडे, दिसेल इतक्या जवळ, दुसरी पवनचक्की मजेत फिरत होती आणि हौद भरून वाहत होता.

फाटक लागलेलं होतं.

बाबा पळत गेला आणि फाटक उघडलं, आणि मग जे झालं ते त्याहून वाईट. उपाशी माणसासारखंच असतं ते, तहानेने मरायला आलेलं जनावर एकदम पोटभर पाणी प्यायलं की हौदावरच कोसळतं. बाबा हौदापुढे उभा राहिला आणि दोर फिरवून त्यांना मागे हाणायला लागला, तोंडावर मारत होता त्यांच्या, रडत होता आणि मारत होता, "थांबा गं, थांबा, जरा थांबा." मीही हाणलं. काही थांबल्या. बऱ्याच नाही थांबल्या.

मागे वळून बघितलं तर आजोबा फाटकाच्या खांबापाशी. आमचं फाटक तारेचं असतं, खांबाला तारेचा फास अडकवला की लागतं. पण एका बैलाने एकदा नाकाने तो फास उडवला होता, तेव्हापासून आजोबा वरून सुतळीचे दोन वेढे द्यायचे आणि एक उलटी गाठ मारायचे. दुसरं कुणी ती गाठ मारत नाही. कुणाला जमतच नाही. ती गाठ तिथे लोंबत होती. मी बघितली, बाबाने बघितली. आजोबांनीही बघितली, अगदी हातात घेऊन बघितली, आणि त्यांना काही आठवलं नाही.

"कुणी लावलं हे?" आजोबा म्हणाले.

बाबाने हातातला दोर खाली टाकला.

"कर्टिस, मी विचारतोय. उघडं फाटक कुणी लावलं?"

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा. बाबा शर्टाला हात पुसत आला, त्यांच्या हातातून ती सुतळी हळूच काढून घेतली आणि खिशात टाकली.

"मी लावलं, आबा."

"तू?"

"घाईत होतो. विसरलो."

आजोबा त्याच्याकडे बघत राहिले. मग थुंकले, बाबाच्या बुटांपाशी. "हे शिकवलं मी तुला?" लंगडत लंगडत ट्रककडे गेले, आत बसले, आणि त्या उन्हात काच वर करून घेतली.

बाबाला वाटलं होतं डग ओरडेल, पगार कापेल, मिटेल. डगने आठवड्यात काढून टाकलं. नोकरी गेली की घर गेलं, घर रँचचंच ना. आजी-आजोबाही आमच्याबरोबर निघाले. गावात लाँड्रीच्या मागे भाड्याचं घर मिळालं, खिडकीतून साबणाचा वास यायचा. बाबाने आठ-दहा रँचवर विचारून बघितलं. सगळे चांगलं बोलले, पाठीवर हात ठेवला, आणि कुणी कामावर घेतलं नाही. शेवटी काउंटीच्या रस्त्यांवर लागला, उन्हाळ्यात मुरूम सारखा करायचा, हिवाळ्यात बर्फ काढायचा. मोठं पिवळं मशिन. बाबा त्याला घोड्यासारखं थोपटायचा.

मी पेटलेलेच होते. एकदा त्याच्या मशिनमध्ये चढून बसले. म्हटलं, "खरं सांगून टाक ना! तुझं आयुष्य गेलं आणि ते तिकडे खुर्चीत बसून तुला शिव्या देतात!"

"सांगितलं तर काय होईल?"

"त्यांना कळेल."

"आज कळेल. आज रडेल. उद्या विसरेल. परवा विचारेल, कर्टिस, आपण ह्या खुराड्यात का राहतो? मग परत सांगायचं? रोज मारायच्या त्या गायी?" त्याने गिअर टाकला. "उतर आता, कॉलेजच्या अर्जाचं बघ तुझ्या."

पण देव पण काय असतो ना. आजोबा सगळं विसरले. आत्याचं नाव, जेवलो का नाही जेवलो, कुठलं साल. हे मात्र विसरले नाहीत. जेवायला बसले की, "त्या फाटकवाल्याला म्हणावं मीठ दे." बाबाने वाढलेलं खायचे नाहीत, आजीने तेच ताट फिरवून पुढे केलं की खायचे. आणि ज्या दिवशी बाबाला ओळखायचे नाहीत त्या दिवशी इतके गोड वागायचे! बाबा खाली बसून त्यांची नखं कापतोय आणि हे त्याच्या खांद्यावर थोपटतायत, "भला माणूस आहेस रे तू. कुणाचा कोण? माझा पोरगा असा असता तर." बाबा म्हणायचा, "दुसरा पाय द्या." बस, एवढंच.

पुढच्या मे महिन्यात शेजारच्या रँचवाल्या व्हर्ननकाकाकडे वासरांना डाग द्यायचा दिवस होता. सगळे शेजारी जमतात. काहीजण घोड्यावरून दोर टाकून वासराचे मागचे पाय पकडतात आणि ओढत जाळापाशी आणतात, बाकीचे खाली दाबून धरतात, डाग देतात, सुई टोचतात. खालचं काम कुणीही करतं, पोरंसुद्धा. दोर टाकायला मात्र आपणहून घोड्यावर बसायचं नसतं. यजमान नाव घेतो, मगच. नाव घेतलं म्हणजे सगळ्यांसमोर सांगितलं की हा माणूस आपला आहे. व्हर्ननकाका मनाचा चांगला, त्याने बाबालाही बोलावलं होतं. बाबाने पहाटे उठून आपला घोडा घासूनपुसून, खोगीर कसून आणला. मला कळत होतं त्याला काय हवंय. एकदा नाव घेतलं की लोक विसरायला लागले असते.

आजोबांना घडीच्या खुर्चीत जाळाजवळ बसवलं होतं. त्यांचं डोकं त्या दिवशी लख्ख होतं. व्हर्ननकाकाला वाटलं म्हाताऱ्याचा मान ठेवावा. म्हणाला, "डेल्मर, आज नावं तू घे."

आजोबा खुश झाले. टोपी मागे सारली. "रस बायर. तू ये, पण तुझ्या त्या गाढवाला जरा आवर."

"गाढव नाही, काका, चांगला पैसे देऊन घेतलाय!"

"मग फसवलं तुला." सगळे हसले. "व्हर्ननचा थोरला. त्यानंतर ती लाल केसांची, काय नाव तुझं, हां, तू." मग थांबले. बाबा लगाम धरून उभा होता, सरळ समोर. आजोबांनी त्याच्याकडे नीट बघितलं. ओळखून बघितलं. "आणि माझी नात. कर्टिसला खाली घ्या. फक्त फाटकाजवळ उभा करू नका."

दोघं-तिघं हसले, चेष्टा वाटली म्हणून. बाबाही हसला.

"मी नाही बसणार," मी म्हटलं.

बाबाने स्वतःच्या घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला. "बस."

"बाबा, मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना..."

"लोक बघतायत. बस म्हणतो ना."

बसले. डोळ्यांत पाणी, वासरू दिसेना, दोर पहिल्यांदा वाया गेला, दुसऱ्यांदाही. खुर्चीतून आवाज आला, "पोरी, दोर टाकतेस का कपडे वाळत घालतेस?" पुन्हा हशा. तिसऱ्यांदा पाय सापडले आणि मी ते वासरू ओढत ओढत बाबापर्यंत नेलं. त्याने गुडघा मानेवर टेकवून दाबलं. केस जळल्याचा धूर त्याच्या तोंडावर गेला. "छान टाकलास," म्हणाला, वर न बघता. "पुढचं आण." दिवसभर मी आणत राहिले आणि तो दाबत राहिला.

जानेवारीत आजोबांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आणलं, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाबा त्यांची दाढी करायला बसला तर त्यांनी तोंड फिरवलं. "ह्याचा हात नको मला."

आजी सूप घेऊन उभी होती. तिने वाटी खाली ठेवली. दीड वर्ष तिच्या तोंडून चकार शब्द नाही, पण तेव्हा तिच्याने राहवलं नाही. "डेल्मर, इकडे बघ. ते फाटक तू लावलंस."

"आई, नको," बाबा म्हणाला.

"गप्प बस तू. डेल्मर, सुतळीचे दोन वेढे होते. तुझी गाठ होती. ह्या पोराने तुझं अंगावर घेतलं. तू जायच्या आधी त्याचा हात धर."

आजोबा ऐकत होते. सगळं ऐकलं, डोळे तिच्यावरून हलवले नाहीत. मला वाटलं कळलं, आता कळलं. मग त्यांनी आजीचा हात हातात घेतला आणि थोपटला, अगदी मायेने.

"आई आहेस तू, आर्डिस," ते म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर मीही पोरासाठी हेच खोटं बोललो असतो."

बाबा मोरीत वस्तरा धुवायला गेला. बराच वेळ नळ चालू होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी ते गेले, बाबा रस्त्यावर बर्फ काढत होता तेव्हा. हात धरायचा राहिला तो राहिलाच.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी रात्रभर बर्फ पडलेला. बाबाने पहाटेच मशिन काढलं आणि स्वतःच्या बापाला न्यायचा रस्ता स्वतः मोकळा केला, चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत. काळ्या पँटवर कामाचे कपडे चढवले होते, चर्चच्या दारात ते काढले आणि आत येऊन पहिल्या बाकावर बसला. व्हर्ननकाका बोलायला उभा राहिला. टोपी हातात फिरवत म्हणाला, "भाषण मला येत नाही. एवढंच सांगतो. ह्या माणसाने जन्मात एक फाटक चुकीचं सोडलं नाही."

माना हलल्या. आणि मग सगळ्यांचे डोळे आपोआप बाबाकडे गेले. मी उठतच होते, आजीने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. बाबा व्हर्ननकाकाकडे बघत होता. त्याने मान डोलावली. "खरंय," म्हणाला, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, आजीच्या मैत्रिणींनी केलेले कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव. मी बाबाला कोट टांगायच्या कोपऱ्यात गाठलं. "आता तरी सांग. आता त्यांना नाही कळणार. व्हर्ननकाकाला माणूस हवाय, मी स्वतः ऐकलंय. तू परत घोड्यावर बसशील, बाबा. प्लीज."

तो हळू आवाजात म्हणाला, "त्याच्याकडे होतं काय गं? घर नव्हतं. एक गाय स्वतःची नव्हती. लोक आत्ता बोलतायत ना, तेवढंच होतं. ते पण मी काढून घेऊ?"

"आणि तुझं?"

तळघराची खिडकी जमिनीलगत होती, तिच्यातून तो बाहेर बघत होता. वारा सुटला होता आणि सकाळी मोकळा केलेला रस्ता परत भरत चालला होता. त्याने खुंटीवरचे कामाचे कपडे काढले आणि काळ्या पँटवर चढवायला लागला.

"कर्टिस, जेवला नाहीस?" व्हर्ननकाकाने विचारलं.

"आलोच. मंडळींना घरी जायचंय ना."

मी त्याच्यासाठी दोन कोलाचे कागदात बांधून ठेवले. तो परत आला तेव्हा सगळे गेले होते.